दोराची कुळकथा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती येतात, प्रवासवर्णने येतात, संतांची चरित्रे येतात. यंदा संपादिकाबाईंनी मला एखाद्या जुन्या हस्तव्यवसायाविषयी लिहायला सांगितले, तेव्हा मी दोर वळण्याचा धंदा निवडला. काही भगिनींना हा विषय रुक्ष वाटेल. दोरात काय लिहिण्यासारखे आहे, असेही कुणी म्हणेल. परंतु माझे माहेर मराठवाड्यातल्या एका खेड्यातले, घर शेतकऱ्याचे. तेथे दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत हाताला कोणता ना कोणता दोर लागल्याशिवाय राहत नसे. तेव्हा या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे समजून लिहिते.

आमच्या लहानपणी घरात किती दोर होते, ते मोजून पाहा. विहिरीवर पोहऱ्याची काढणी. ताक घुसळायच्या रवीला दोरी. दूधदुभते मांजरापासून वाचवण्यासाठी आढ्याला टांगलेले शिंके. बाळाच्या पाळण्याला दोरी, बाजेला सुंभ, वाळवणाला आणि धुण्याला दोरी. गोठ्यात गेले की वासराच्या गळ्यात दावे, बैलांच्या नाकात वेसण, तोंडावर मोरकी, आणि सगळी गुरे एका ओळीत बांधायची ती दावण. शेतात बैल हाकायला कासरा, मोटेला नाडा आणि सोंदूर, कडब्याचे ओझे आवळायला चऱ्हाट, पाखरे हाकायला गोफण. एकेका कामाचा दोर वेगळा, त्याची जाडी वेगळी, नाव वेगळे. एकाचे काम दुसऱ्याने भागत नसे.

आपली भाषाही या दोरांनी घट्ट बांधलेली आहे. हट्टी माणसाला आपण ‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ असे म्हणतो. उधळ्या मुलाच्या खर्चाला वेसण घालतो. मुलगी नको त्या ठिकाणी दिली की दावणीला बांधली म्हणतो. कुणी बोलत सुटला की त्याचे चऱ्हाट संपत नाही. खेड्यात घड्याळ नव्हते, तेव्हा सकाळची वेळ सांगताना ‘दिवस कासराभर वर आला’ असे म्हणत. म्हणजे सूर्याची उंचीसुद्धा दोराने मोजली जाई. आणि थोरामोठ्यांच्या पाया पडले की आयुष्याची दोरी बळकट असल्याचा आशीर्वाद मिळे. दोर ज्या काळी रोजच्या हातातला होता, त्या काळी या म्हणी घडल्या. आता दोर गेला आणि म्हणी तेवढ्या मागे राहिल्या.

दोर किती जुना, याचे उत्तर थक्क करणारे आहे. दोर कुजणारी वस्तू. दगडाच्या हत्याराप्रमाणे ती जमिनीत टिकत नाही. तरीही फ्रान्समध्ये आब्री दु मारास नावाच्या एका कपारीत दगडाच्या हत्याराला चिकटलेला दोरीचा अगदी चिमुकला तुकडा संशोधकांना सापडला, आणि त्याची हकीकत २०२० साली प्रसिद्ध झाली. तो तुकडा चाळीस हजार वर्षांहून अधिक जुना आहे. तो आपल्यासारख्या माणसाने नव्हे, तर निअँडरथल या आता नामशेष झालेल्या मानवजातीने वळलेला होता. झाडाच्या सालीच्या तंतूंचे तीन पेड एका बाजूला पिळलेले आणि मग ते तिन्ही मिळून उलट बाजूला पिळलेले. आमच्या गावी दोर वळत तो याच रीतीने. चाळीस हजार वर्षांत या कृतीच्या मुळात काही बदल करावासा कुणालाही वाटला नाही, असा दुसरा धंदा शोधून सापडणे कठीण.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांतही दोराला मान आहे. यज्ञवेदी कशी मापावी हे सांगणाऱ्या ग्रंथांना शुल्बसूत्रे म्हणतात, आणि शुल्ब म्हणजे दोरी. खुंट्या ठोकून, दोरी ताणून चौकोन आणि वर्तुळे आखण्याचे नियम त्यांत आहेत. आयताच्या कर्णाचा नियम, जो आपली मुले शाळेत पायथागोरसच्या नावाने शिकतात, तो बौधायनाने ताणलेल्या दोरीच्या भाषेत सांगितला आहे. भागवतात यशोदेने कृष्णाला उखळाला बांधायला घेतले, तेव्हा प्रत्येक दोरी दोन बोटे अपुरी पडत गेली, ही कथा तर आपण सर्वजणी जाणतोच. त्या दोरीला संस्कृतात दाम म्हणतात. त्यावरून कृष्ण दामोदर झाला, आणि त्याच शब्दावरून आपल्या गोठ्यातले दावे आले.

आता दोर होतो कशाचा ते पाहू. महाराष्ट्राच्या देशावर मुख्य पीक अंबाडीचे. अंबाडीच्या आंबट पाल्याची भाजी आपण सर्वजणी करतो, पण त्याच झाडाच्या खोडाच्या सालीत दोराचा वाख असतो, हे शहरातल्या मुलींना ठाऊक नसते. शेतकरी ज्वारीच्या रानात, कडेने किंवा मध्ये एखादी ओळ, अशी अंबाडी पेरीत. म्हणजे एकाच झाडाने आधी भाजी द्यायची आणि मागून दोर. दुसरे झाड घायपाताचे. आमच्याकडे त्याला केकताड म्हणतात. हे मूळचे अमेरिकेतले. जाड, काटेरी टोकाच्या पानांचे हे झाड शेताच्या बांधावर आणि आगगाडीच्या रुळांच्या कडेला कुंपण म्हणून लावले गेले आणि येथलेच होऊन राहिले. त्याचा वाख अंबाडीपेक्षा राठ, पण ताकदीचा. याशिवाय ताग आहे, आणि मऊ कामासाठी सूत आहे. पाळण्याला सुती दोरी बरी, जनावराच्या गळ्याला अंबाडी बरी, आणि ओझ्याला केकताड बरे, असा साधारण हिशेब होता.

अंबाडी फुलावर आली की कापतात. बी पक्के होईपर्यंत थांबले तर वाख राठ होतो. कापलेल्या काड्यांच्या पेंड्या बांधून ओढ्याच्या किंवा तळ्याच्या पाण्यात बुडवतात आणि वर दगड ठेवतात. ऊन-पाण्याच्या मानाने दहा ते वीस दिवसांत त्या कुजतात. सालीतले तंतू ज्या चिकट द्रव्याने एकमेकांना धरून असतात, ते पाण्यातले सूक्ष्म जंतू खाऊन टाकतात आणि तंतू सुटे होतात. येथे खरे कसब आहे. दोन दिवस आधी काढले तर साल सुटत नाही. दोन दिवस उशीर झाला तर तंतूच कुजतो, आणि त्याचा दोर ऐन कामाच्या वेळी दगा देतो. त्या पाण्याचा वास गावच्या वेशीपर्यंत येई. गुडघाभर घाण पाण्यात उभे राहून काड्या सोलायच्या, वाख आपटून धुवायचा आणि वाळत घालायचा, ही कामे पुरुषांबरोबर बायकाही करीत. केकताडाची पाने ठेचून, खरवडून वाख काढताना त्याच्या चिकाने हातपाय खाजून लाल होत. दोराच्या किमतीत या खाजेचा हिशेब कुणी धरला नाही.

वाळलेला वाख विंचरून घेतला की वळणे सुरू होते. वळणारा वाखाची जुडी बगलेत किंवा कमरेला घेतो. एक टोक हाताने फिरवायच्या लाकडी फिरकीला अडकवतो. घरातली बाई किंवा पोर ती फिरकी फिरवीत बसते, आणि वळणारा बोटांतून थोडाथोडा वाख सोडत उलट्या पावलांनी मागे मागे जातो. त्यासाठी लांब मोकळी जागा लागते. म्हणून हे काम झाडाखाली, रस्त्याच्या कडेला किंवा वस्तीपुढच्या पटांगणात चाले. असे तीन पेड तयार झाले की ते एकत्र धरून उलट बाजूने पिळतात. तिन्ही पेड सारखे बसावेत म्हणून मध्ये तीन खाचांचा एक लाकडी ठोकळा धरतात. तो जसजसा पुढे सरकतो, तसतसा त्याच्यामागे दोर तयार होत जातो. शेवटी पाणी लावून, ताणून, चिंध्यांनी घासून कुसळे काढली की दोर हाताला गुळगुळीत लागतो.

उलट पीळ कशासाठी, हे मी आमच्या गावच्या एका वृद्ध मातंग आजींना एकदा विचारले होते. त्या म्हणाल्या, “बाई, एकाच अंगाला पिळलं तर हात सोडला की समदं उलगडतं. पेड एकीकडं जायला बघतोय, दोर दुसरीकडं. दोघं एकमेकाला धरून ऱ्हात्यात.” शास्त्रही नेमके हेच सांगते. पिळलेला पेड उलगडू पाहतो, पण त्याच्या उलगडण्यानेच दोराचा पीळ अधिक आवळला जातो. दोन्ही ओढी बरोबरीच्या झाल्या की दोर स्थिर राहतो. आणि तंतू हातभर लांबीचे असोत की वीतभर, पिळामुळे ते एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षणाने धरून राहतात. दोर जितका ओढावा तितकी ही पकड घट्ट होते. म्हणून तुटक्या, आखूड धाग्यांतून पन्नास हातांचा अखंड दोर होतो. यात गोंद नाही की गाठ नाही.

कोकणात आणि त्याखाली केरळपर्यंत दोर होतो तो काथ्याचा. नारळाची सोडणे खाडीच्या मचूळ पाण्यात सहा ते दहा महिने मुरत ठेवतात, मग लाकडी दांडक्याने कुटून काथ्या मोकळा करतात. कुटणे आणि वळणे या कामांत बहुतांशी बायकाच असतात. काथ्याचा तंतू आखूड, पण खाऱ्या पाण्याने तो सहसा कुजत नाही आणि पाण्यावर तरंगतो. त्यामुळे दर्यावर्दी लोकांना त्याच्यासारखा दुसरा दोर नव्हता. केरळात आलेप्पी येथे जेम्स डॅरा याने १८५९ साली काथ्याच्या चटयांचा पहिला कारखाना काढला. पुढे १९५३ साली या धंद्यासाठी कायदा होऊन काथ्या मंडळ स्थापन झाले.

या काथ्याच्या दोराची एक मोठी कामगिरी सांगायलाच हवी. अरबी समुद्रावर पूर्वी जी गलबते चालत, त्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसून काथ्याच्या दोराने शिवलेल्या असत. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने ही शिवलेली गलबते पाहून लिहून ठेवली आहेत. खिळ्याने ठोकलेले लाकूड लाटेच्या तडाख्याने फुटते. शिवलेले लाकूड थोडे लवते आणि तडाखा सोसते, असे या कारागिरांचे म्हणणे. अजिंठ्याच्या लेण्यात चितारलेल्या जहाजावरून असेच एक शिवलेले जहाज आपल्या काळात गोव्यात पुन्हा बांधण्यात आले. ‘कौंडिण्य’ नावाने ते मे २०२५ मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोरबंदरहून ओमानकडे निघाले. अजिंठ्याचे चित्र आणि नारळाची सोडणे यांचे असे नाते असेल, हे कुणाच्या स्वप्नात तरी आले असते काय?

महाराष्ट्राच्या इतिहासात दोर आला की सिंहगड आठवतोच. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांचे मावळे रात्री दोराने गड चढले. तानाजी पडल्यावर मागे फिरू पाहणाऱ्यांना सूर्याजीने गडाचे दोर कापल्याचे सांगितले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. घोरपडीची गोष्ट मुलांना फार आवडते. पण गड चढताना माणसांचा भार ज्याने पेलला तो दोर कुणी वळला असेल, हा प्रश्न आम्हाला शाळेत कुणी विचारला नाही, आणि आम्हालाही तो सुचला नाही.

देशावर हे काम परंपरेने मातंग समाजाकडे होते. पूर्वी गावगाड्यात त्यांना मांग म्हणत, आणि बारा बलुतेदारांत त्यांची गणना होई. शेतकऱ्याला वर्षभर लागणारे दोर, मोटेचे नाडे, शिंकी पुरवायची, शिवाय शिंदीच्या पानांच्या केरसुण्या करायच्या, आणि सुगीत खळ्यावर जाऊन आपला धान्याचा वाटा घ्यायचा, अशी रीत. पोळ्याला, म्हणजे दक्षिण महाराष्ट्रात बेंदराला, त्यांच्या घरी कामाची घाई उडे. त्या दिवशी बैलांना नवी वेसण, नवी मोरकी, नवा कासरा लागे. वेशीत जे आंब्याच्या पानांचे तोरण लागे, त्याचा दोरही त्यांनीच वळलेला. दिवाळीत लक्ष्मी म्हणून आपण जिची पूजा करतो ती केरसुणीही त्यांच्याच हातची.

आता जे लिहिते, ते लिहिल्यावाचून ही हकीकत पुरी व्हायची नाही. मी लहान असताना दोर घेऊन येणारे ते कुटुंब आमच्या अंगणाच्या कडेला थांबे. दोर जमिनीवर ठेवला जाई. घरातले कुणी तरी त्यावर पाणी शिंपडून तो आत नेई, आणि धान्य वरून त्यांच्या पदरात टाकले जाई. मग तोच दोर विहिरीवर जाई आणि त्याने काढलेल्या पाण्याने देवाची पूजा होई. तोच दोर शिंके होऊन दुधावर टांगला जाई. त्यांनी केलेली केरसुणी देव्हाऱ्यापुढे हळदकुंकू घेई. वस्तू उंबऱ्याच्या आत आणि ती करणारे हात उंबऱ्याच्या बाहेर. संविधानाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. परंतु कायद्याने बदललेली गोष्ट अंगणापर्यंत पोचायला कित्येक वर्षे लागली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

भगिनींनो, या समाजातल्या एका मुलीचे नाव आपल्या मंडळात घेतले जावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. ती म्हणजे मुक्ता साळवे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी काढलेल्या शाळेत ती शिकली. अवघ्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या पत्रात छापून आला. डोक्यावर धड छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल तिने त्यात सांगितले आहेत. आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न तिने विचारला आहे. आपण वर्धापनदिनाला निबंधस्पर्धा ठेवतो. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मुलीने लिहिलेला हा निबंध आपल्या मुलींनी वाचला, तर त्यांना लिहिणे म्हणजे काय ते कळेल.

इंग्रजी अमदानीत या समाजाच्या वाट्याला आणखी एक जाच आला. १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांची झळ मांगांच्या काही शाखांनाही लागली. गुन्हा केलेला नसतानाही पोलिसांकडे हजेरी देण्याची पाळी माणसांवर येई. हा कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झाला. वाटेगावी १९२० साली जन्मलेले अण्णाभाऊ साठे याच समाजातले. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली निघाली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. त्या काळचा जाच ज्यांना समजून घ्यायचा असेल, त्यांनी ती अवश्य वाचावी.

हा धंदा बसला कसा? लोक समजतात, नायलॉनने बसवला. ते अर्धेच खरे. आधी मोट गेली. विहिरीवर तेलाचे इंजिन आले, मग विजेचा पंप आला, आणि नाडा व सोंदूर एकदम निरुपयोगी झाले. नाडा हा सर्वांत जाड आणि कष्टाचा दोर, म्हणून त्याचा मोबदलाही मोठा. तो गेला तेव्हाच धंद्याचा कणा मोडला. मग ट्रॅक्टर आले आणि बैल कमी झाले. अंबाडीची जागा पैसा देणाऱ्या पिकांनी घेतली, तेव्हा वाख मिळेना. बलुत्याची रीत मोडली, तेव्हा धान्यही मिळेना. गावगाड्याचे ते बंधन सुटले हे चांगलेच झाले, पण त्याच्या जागी रोख दाम देणारे गिऱ्हाईक उभे राहिले नाही. नायलॉनचा शोध अमेरिकेत १९३५ साली लागला आणि पॉलिप्रोपिलीन १९५४ साली इटलीत तयार झाले. त्यांचे रंगीबेरंगी दोर खेड्यातल्या बाजारात पोचले, तोवर जुना धंदा आधीच अर्धमेला झाला होता.

नव्या दोराचे गुण मान्य केलेच पाहिजेत. तो हलका, स्वस्त, आणि पावसात कुजत नाही. पण जनावराच्या मानेला आणि नाकाला तो काचतो. गाठ सरकते. उन्हाने तो झिजून त्याचे बारीक तुकडे होतात, ते मातीत पडून राहतात आणि गुरांच्या पोटात जातात. अंबाडीचे दावे तुटले तर उकिरड्यावर पडून त्याचे खत होई.

दोन वर्षांपूर्वी माहेरी गेले होते, तेव्हा पोळा चार दिवसांवर आला होता. त्या वस्तीत एकाच घरी दोर वळणे चालू होते. आजीबाईंच्या सूनबाई फिरकीवर होत्या. त्यांचा मुलगा शहरात नोकरी करतो आणि नातीने पदवी घेतली आहे, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. “पोरांनी ह्यात पडू नये, असंच मला वाटतं. पर हात बसून ऱ्हात न्हाईत,” असे त्या म्हणाल्या. मी दोन कासरे आणि एक शिंके घेतले. त्यांनी जी किंमत सांगितली, ती ऐकून मला घासाघीस करण्याचे धैर्य झाले नाही. दोन माणसांची दोन दिवसांची मजुरीसुद्धा त्यात भरत नव्हती. पैसे मी हातात दिले आणि चहा त्यांच्या ओट्यावर बसून घेतला. निघताना सूनबाई म्हणाल्या, “पुढल्या पोळ्याला येतानी गिऱ्हाईक घेऊन या.”

हे लेखाचे चऱ्हाट आता फार लांबले. शेवटी मंडळापुढे दोन गोष्टी ठेवते. पहिली, पुढच्या पोळ्याच्या आधी ज्यांच्या गावी असे वळणारे असतील, त्यांनी त्यांच्याकडून दोर, शिंकी, केरसुण्या आणाव्यात आणि आपल्या विक्रीच्या टेबलावर ठेवाव्यात. भाव वळणाऱ्यांनी सांगावा आणि तो आपण पूर्ण द्यावा. कुंडी टांगायला, झोपाळ्याला, पिशव्यांच्या पट्ट्यांना या दोरांचा उपयोग शहरातही होईल. दुसरी, मंडळाच्या वाचनालयात एका कपाटाच्या खणात दावे, कासरा, वेसण, मोरकी, शिंके, काढणी अशा वस्तू नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवाव्यात. आणि त्यांच्यासोबत त्या वळणाऱ्या बाईंचे नाव, त्यांच्या परवानगीने, अवश्य लिहावे. मी आणलेले दोन कासरे आणि शिंके मंडळाच्या चिटणीस बाईंकडे दिले आहेत. बाकीचे आपण सर्वजणी मिळून जमवू.